घुबडमुख वीराचे शिर उतरविले त्याची हकीकत

श्रीगजवदनास वंदन करून, शारदेस कौल लावून, आणि ज्या अज्ञात कारागिराने तापल्या सांच्यात पहिला प्लॅस्टिकचा वीर ओतिला त्यास दुरूनच मुजरा करून हे वर्तमान लिहिले असे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, थंडी बहुत, ते समयी कोणे एके राज्यी श्रीमंत हेरंबराव महाराज गादीवर होते. राज्य म्हणावे तर तिसरे मजल्यावर. खोल्या दोन, मुदपाकखाना एक, आणि उत्तरेस सज्जा, त्यात राणीसाहेबांची तुळस आणि वाळत घातलेली वस्त्रे. दिवसा महाराज परराज्यात, म्हणजे विम्याचे कचेरीत, चाकरीस जात आणि तेथे त्यांस महाराज ऐसे कोणी म्हणत नसे, उलट साहेबाने घंटी वाजविली की महाराजच उठत. परंतु सायंकाळी घरी येऊन पायातील चपला उतरविल्या की राजतेज आपसूक मुखावर येई. कारण पश्चिमेचे भिंतीस काचेचे दारांचे कपाट होते, त्यास कपाटगड ऐसे नाव, आणि त्या गडावर फळीफळीने महाराजांची फौज उभी होती.

फौज म्हणजे सारे प्लॅस्टिकचे वीर, वीतभराहून उणे, महाराजांचे बालपणी सातासमुद्रापलीकडील कारखान्यांत निपजलेले. कोणी व्याघ्रमुख, कोणी मकरमुख, कोणी नुसता हाडांचा सापळा आणि हाती कुऱ्हाड, कोणास पंख, कोणास एकच डोळा, आणि सर्वांचे दंड ऐसे की पाहणाराने मुकाट्याने आपली बाही खाली ओढावी. पण मोल सगळ्यांस सारखे नव्हे. एकच वीर निरनिराळे ठिकाणी ओतला जाई, मग कोठे कमरपट्टा तांबडा तर कोठे तपकिरी, कोठे जोडे रंगविले तर कोठे रंगवायचे राहून गेले. ऐशा वेगळ्या प्रतीस हल्लीचे लोक व्हेरिएंट म्हणतात आणि महाराज भेदवीर म्हणत. आणि या विद्येची रीत ऐसी उफराटी की ज्याचे रंगकाम नीट साधले त्यास कोणी पुसत नाही, आणि ज्यावर काम करता करता कारागिरास डुलकी लागली तो वीर थोर. प्रपंचात चूक झाली की बोलणी बसतात, येथे चुकीस मखर मिळे. म्हणूनच की काय, महाराजांस हे राज्य फार प्रिय होते.

राज्य आले तशी काळजीही आली. ऊन लागले तर पांढरा वीर पिवळा पडे, म्हणून खिडकीस दुहेरी पडदे लाविले आणि घरात भरदिवसा दिवा लागू लागला. उन्हाळ्यात जुन्या वीरांचे पायांस चिकट घाम सुटे, आणि थंडीत तेच अंग कडक होऊन सांधा तडकण्याचे भय. एके वर्षी राणीसाहेब शैलजाबाई यांनी झुरळांचे पारिपत्य करावे म्हणून सद्हेतूने गडावर डांबराच्या गोळ्या ठेविल्या, आणि गोळीस टेकून उभा असलेला सापळावीर पाठीकडून मऊ होऊन तिलाच चिकटला. त्या दिवसापासून महाराज कचेरीत बसल्या जागी दचकत, आणि दोन प्रहरी घरी फोन करून पुसत, "सगळं ठीक आहे ना?" आणि राणीसाहेब म्हणत, "मी ठीक आहे. तुम्ही ज्यांची चौकशी करताय तेही उभेच आहेत."

या फौजेत सेनापती एकच, तो घुबडमुख. तोंड घुबडाचे, छाती पैलवानाची, पाठीवर आखूड पंख, कमरेस तपकिरी पट्टा. ऐसे घुबडमुख पुष्कळांकडे असत, पण महाराजांचा घुबडमुख हलविला असता त्याचे पोटात खुळखुळ वाजे. यावर मोठे शास्त्र होते. आसपासचे गावी जे जे समानशील राजे होते त्यांचे एक मंडळ होते, आणि त्या मंडळाचे मत ऐसे की कारखान्यात पहिला घाणा निघाला तेव्हा हिरव्या प्लॅस्टिकचा कपचा वीराचे पोकळ पोटात राहून गेला आणि वरून शिर बसविले गेले, पुढे ती चूक सुधारली; म्हणजे जो खुळखुळे तो पहिल्या घाण्याचा. ऐसा दुसरा वीर उभ्या देशात कोणापाशी असल्याची खबर नव्हती. या एका खुळखुळीवर महाराजांची मंडळातील सारी पत उभी होती. सभेत खुर्ची पहिली त्यांस, चहा पहिला त्यांस, आणि एकदा तर वर्तमानपत्रात वीरासह तसबीरही छापून आली. कचेरीतील साहेबाने ती पाहून "हे तुम्हीच का?" ऐसे विचारिले, तेव्हा महाराजांस अवघ्या चाकरीचे सार्थक वाटले.

आणि दुखणे येथेच होते. महाराजांचे मामा जहाजावर चाकरीस असत, त्यांनी एके दिवाळीस दोघा भाच्यांस दोन वीर आणिले, एक लांडगेमुख आणि एक घुबडमुख. महाराज थोरले, धाकटे बंधू विनायकराव, घरचे विनू, तेव्हा नुकते शाळेत जाऊ लागलेले. लांडगेमुख त्याच वर्षी नदीवर पोहायला नेला तो गाळात गेला, इतके निर्विवाद. कोणाचा गेला, यावर दोन मते पडली. महाराज म्हणत, विनूचा गेला. आणि हे त्यांनी मंडळात, कचेरीत आणि सासुरवाडीस इतके वेळा सांगितले होते की आता स्वतःसही तो दिवस तसाच दिसे. फक्त एक गोष्ट जुळत नसे. नदीवरून परत येताना वाटभर रडत कोण होते हे आठवू गेले की कानी स्वतःचाच आवाज येई. मग महाराज दुसऱ्या कामास लागत.

तसबीर छापून आली त्या दिवशी विनायकरावांचा फोन आला. "दादा, फोटो बघितला. छान आलाय. पण घुब्या माझा आहे रे. त्याच्या पोटात माझी खूण आहे." महाराजांनी खूण कोणती ते विचारिले नाही. "पोटात कारखान्याचा तुकडा आहे, विन्या. सगळ्या मंडळाला ठाऊक आहे," ऐसे बोलून त्यांनी फोन ठेविला. मग विनायकराव गौरीगणपतीस येईनासे झाले. मूर्ती थोरले घरी बसे, धाकटे आदले दिवशीच येऊन मखर बांधीत, आरतीस मोठ्याने ओरडत, आणि जेवताना ऐसे हसत की खालचा पुढचा एक वाकडा दात सर्वांस दिसे. त्या दातावरून मातुश्री हयातीत म्हणत, "याने पडलेला दात कुठं टाकला देव जाणे, उंदरानं नवा दिला तो वाकडाच दिला." ते हसणे घरातून गेले. राणीसाहेब दर वर्षी एक ताट जास्त वाढीत, आणि सर्वांची जेवणे होईतो वाट पाहून मग झाकून ठेवीत. महाराज त्या ताटाकडे पाहत नसत.

कीर्ती झाली की नक्कल मागोमाग येते. दुसरे एके गावचे राजे, त्यांचे नाव घेत नाही कारण त्यांचे कन्येचे लग्न ठरायचे आहे, त्यांचाही घुबडमुख एकाएकी खुळखुळू लागला. मंडळात मोठा बोभाटा जाहला. कोणी म्हणे पहिला घाणा मोठा असावा, कोणी म्हणे हे कारस्थान आहे, दोन जुने स्नेही एकमेकांशी बोलेनासे झाले. मग आषाढाची दमट हवा आली, आणि त्या वीराचे मानेचे फटीतून एक कोंब बाहेर डोकावला. पोटात मटकी घातली होती, तिला मोड आले. राजे पुष्कळ म्हणाले की मटकी कशी गेली ते आम्हांस ठाऊक नाही, पण कोंब काही ऐकेना, वाढतच गेला. तेव्हा मंडळाने ठराव केला की यापुढे कानांवर भरवसा नाही; जो वीर खुळखुळतो त्याचे शिर उतरावे आणि पोटातील वस्तू सभेपुढे ठेवावी, न उतरविल्यास त्यास साधारण समजावे. शिर उतरविण्याचा अधिकार नरहरपंतांस दिला. हे पंत व्यवसायाने दंतवैद्य, हात स्थिर, बोलणे मोजके, आणि समोरच्यास भीती वाटत आहे याचा त्यांस आयुष्यभराचा सराव. मार्गशीर्षातील रविवार नेमिला, स्थळ महाराजांचेच घर.

ठराव झाला त्या दिवसापासून महाराजांस अन्न गोड लागेना. शिर उतरविण्याची रीत ऐसी की वीरास मानेइतके गरम पाण्यात धरावे, प्लॅस्टिक मऊ झाले की शिर हळूच फिरवून वर ओढावे. पण चाळीस वर्षांचे जुने अंग, त्यात थंडीचे दिवस. मान तडकली तर सेनापती कामी आला. न तडकता उघडली आणि हिरवा कपचा निघाला तर कीर्ती कायम. आणि दुसरेच काही निघाले तर पहिला घाणाही खोटा, नदीची कथाही खोटी, आणि आपण धाकट्या भावाचे खेळणे लाटून इतकी वर्षे त्यावर छत्र धरिले ऐसे होणार. महाराज रोज प्रातःकाळी दात घासण्यापूर्वी सेनापतीस उचलून कानाशी हलवीत असत, हा त्यांचा जुना नेम, देवास हात जोडण्याचे आधीचा. पूर्वी ती खुळखुळ ऐकून दिवस चांगला जाई. आता ऐकली की दात घासायचे राहून जाई, आणि न ऐकावे तर राहवत नसे.

मग महाराजांनी नादपरीक्षा आरंभिली. गडावर एक साधारण घुबडमुख होता, त्याचे शिर मुळातच सैल, ते काढून पोटात एकेक वस्तू घालावी, हलवावे, आणि सेनापतीचे आवाजाशी ताडून पाहावे. त्यासाठी मुदपाकखान्यातील डबे एका मागून एक उघडिले. तूरडाळीचा आवाज बारीक, वालाचा बद्द, सदऱ्याचे बटणाचा पोकळ, प्लॅस्टिकचे कपच्याचा सळसळता. सेनापतीचा आवाज यांतील कशाशीच मिळेना. तो टणक, लहान आणि एकटा होता. राणीसाहेब भाजी निवडीत बसल्या होत्या, त्यांनी बराच वेळ सोसले, आणि मग म्हणाल्या, "वाल भिजत घालायला काढले होते, ते त्या बाहुल्याच्या पोटात का?" महाराज म्हणाले, "बाहुला म्हणू नकोस." राणीसाहेब म्हणाल्या, "बरं, वीर. अहो, एवढं जिवाला लागलंय तर विनूभाऊजींना फोन करा की. पोटात काय आहे ते एका वाक्यात सांगतील." महाराजांनी वालाचा दाणा काढून डब्यात परत टाकिला आणि म्हणाले, "आणि त्यानं सांगितलं तर?" यावर राणीसाहेबांनी मेथीची जुडी खाली ठेविली. यजमानाचे मुख इतके उतरलेले त्यांनी सासूबाई गेल्या तेव्हाच पाहिले होते, आणि त्यांस दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला माहितीये." महाराज म्हणाले, "मला काही माहीत नाही. तेच तर." आणि उठून गडाचे कुलूप लागले आहे की नाही ते पुन्हा पाहून आले.

सभेचे आदले दिवशी कचेरीतून अर्धी रजा काढून महाराज लवकर परतले. राणीसाहेब हळदीकुंकवास गेल्या होत्या. तेव्हा महाराजांचे मनात आले की सभेपुढे फजिती होण्यापेक्षा आपणच गुपचूप पाहून घ्यावे. हिरवा कपचा असेल तर शिर पुन्हा बसवून उद्या निर्धास्त राहावे, आणि नसेल तर, नसेल तर काय ते मग पाहू. हा विचार ज्याने वीर संग्रही ठेविला त्यासच सुचावा, दुसऱ्यास सुचणार नाही. गरम पाण्याने रंग जाईल म्हणून त्यांनी वाफ योजिली, आणि वाफेस योग्य ठिकाण म्हणून इडलीपात्र काढिले. मधले खळग्यात सेनापतीस बसविले, झाकण घातले, आणि चुलीपुढे उभे राहिले. आत शिट्टीवाचून वाफ कोंडत होती आणि बाहेर महाराज. थोडे वेळाने झाकण काढून, हातरुमालाने धरून, त्यांनी शिराशी बोटे नेली. शिर मऊ झाले होते. जरा फिरविले तर फिरले. आणि फिरताच आत ती वस्तू खुळ्ळकन हलली, आणि महाराजांस वाटले की कोणी आतून दार वाजविले. त्यांनी शिर तत्काळ दाबून धरिले, पुन्हा बसविले, आणि भिंतीस टेकून उभे राहिले, घामाने सदरा ओला. सेनापती वाचला, पण वाफेने त्याची एक भुवई पसरून वर चढली, आणि तेव्हापासून तो महाराजांकडे संशयाने पाहू लागला. राणीसाहेब परत आल्या त्यांनी पात्र पाहिले, वीर पाहिला, आणि इतकेच म्हणाल्या, "या पात्रात मी आता इडल्या करायची नाही." मग सज्ज्यात जाऊन, दार ओढून घेऊन, त्यांनी कोणास तरी फोन केला.

रविवारी सकाळी मंडळ जमले. गावोगावचे राजे आले, कोणी आपले वीर मऊ फडक्यात गुंडाळून आणिले, कोणी सहज म्हणून गडाचे कुलूप किती मजबूत ते पाहून घेतले. मटकीचे राजेही आले आणि सर्वांत मागे बसले. पोहे झाले, चहा झाला. नरहरपंतांनी हात धुतले, चष्मा बदलला, गरम पाण्याचे पातेले पुढे घेतले, आणि जे निघेल ते स्वच्छ दिसावे म्हणून देवघरातील ताम्हन मागून घेतले. महाराजांनी सेनापतीस गडावरून उतरविले. तोच दार वाजले, आणि दारात विनायकराव उभे. केस पिकलेले, हाती पिशवी, पिशवीत मोरावळ्याची बरणी. सारी सभा वळून पाहू लागली. विनायकराव म्हणाले, "वहिनींनी बोलावलं म्हणून आलो." राणीसाहेबांनी पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "बसा भाऊजी. तुमचे पोहे ठेवलेत." महाराजांचे हातातील सेनापती मात्र, हात कापत असल्याकारणे, सभेत सर्वांस ऐकू जाईल ऐसा खुळखुळत राहिला.

नरहरपंतांनी वीर हाती घेतला, मान न्याहाळिली, आणि म्हणाले, "प्लॅस्टिक जुनं आहे. तडकू शकेल. मालकांची परवानगी लागेल." हा शब्द निघताच महाराजांची दृष्टी आपोआप बंधूकडे गेली. सभेत कोणास त्याचा अर्थ कळला नाही, विनायकरावांस कळला. ते उठून पुढे आले, वीरास अगदी जवळून पाहिले, वर चढलेल्या भुवईवरून अंगठा फिरविला, आणि खाली आवाजात म्हणाले, "दादा, नको उघडूस. थंडी आहे, मान मोडेल त्याची. कारखान्याचा तुकडा आहे म्हणून सांग, मी काही बोलत नाही. राहू दे तुझाच." महाराजांस हे ऐकून सुटल्यासारखे वाटावयास हवे होते. बंधू मुकाट बसणार, वीर धडका राहणार. पहिला घाणा सिद्ध झाला नाही तरी खोटाही ठरणार नाही. पण त्यांस सुटल्यासारखे वाटले नाही. ज्याने हक्क सोडिला त्यास वीराचे मानेची काळजी, आणि ज्याने हक्क धरिला त्यास आपले खुर्चीची, हे त्यांचे त्यांस लख्ख दिसले आणि लाज वाटली. आणि उद्या प्रातःकाळी पुन्हा कानाशी धरून हलवायचे, परवा पुन्हा, जन्मभर पुन्हा, हे मनात आले. ते म्हणाले, "उघडा."

पंतांनी वीरास पालथे करून मान पाण्यात धरिली. मग बाहेर काढून, फडक्याने टिपून, डावे हाती धड, उजवे हाती शिर, पंतांनी ऐसे हळू फिरविले की फिरते आहे हे पाण्याचे थेंबावरून कळावे. महाराजांनी डोळे मिटले. टक् ऐसा आवाज जाहला. महाराज म्हणाले, "मोडली?" पंत म्हणाले, "निघाली." मग धड ताम्हनावर उपडे केले, जरा झटकले, आणि एक वस्तू ताम्हनात पडून, दोन उड्या मारून स्थिर जाहली. हिरवी नव्हती. पांढरीही नव्हती, जुन्या तांदळासारखी पिवळसर, आणि तांदळाहून जराशी मोठी. सारे राजे पुढे वाकले. पंतांनी ती चिमट्यात धरून उजेडाकडे नेली, आणि इतके वेळात प्रथमच त्यांचे मुखावर हसू आले. म्हणाले, "यात मला कुणाला विचारायची गरज नाही. माणसाचा दात आहे. दुधाचा. खालचा, पुढचा."

विनायकरावांनी तोंडावर हात धरिला, पण उपयोग नव्हता. ते हसू लागले आणि वाकडा दात सर्वांस दिसला. पंत दातावरून दाताकडे पाहत राहिले. मग विनायकराव म्हणाले, "आई म्हणाली होती, दात कौलावर टाक, उंदीर नवा देईल. मी म्हटलं उंदराला कशाला द्यायचा, घुब्याला देऊ. घुबड उंदराला खातं, म्हणजे ते मोठं. तुझ्या लांडग्याशी लढाईत याचं डोकं निघालं होतं, दादा, आठवतंय? तेव्हा टाकला आत. मग बाबांनी गरम पाण्यात धरून डोकं बसवून दिलं. बाबांना ठाऊक होतं. आईला सांगितलं नाही आम्ही." आणि तुझ्या लांडग्याशी हे शब्द ऐकताच महाराजांस ती नदी पुन्हा दिसली, गाळ दिसला, गाळात कोपरापर्यंत हात घालून शोधणारे आपणच दिसलो, आणि घरी येताना वाटभर रडणारा आवाज कोणाचा ते आता झाकता येईना. आणि रडणारा थांबावा म्हणून धाकट्याने आपला घुब्या त्याचे हाती दिला होता, थोडे दिवस, खेळायला. तेही दिसले. चाळीस वर्षांत तेवढेच दिसले नव्हते. महाराज म्हणाले, "विन्या, तू मला थोडे दिवसांसाठी दिला होतास." विनायकराव म्हणाले, "हो. मग थोडे दिवस जरा लांबले." सभेत कोणी हसले, पण फार नाही. मग विनायकराव गंभीर होऊन म्हणाले, "मला घुब्या नको होता रे. तू एकदा विचारशील असं वाटलं होतं, खूण कसली म्हणून. एवढंच विचारायचं होतंस." महाराजांनी मान खाली घातली आणि भर मंडळात डोळे पुसले, राजाने पुसू नयेत तसे, सदऱ्याचे बाहीने.

नरहरपंतांस मंडळाचे काम पुरे करावयाचे होते. त्यांनी निर्णय मोठ्याने सांगितला, "साधारण प्रत. मान एकदा पूर्वी उघडलेली. भुवई खराब. पोटात परकी वस्तू." महाराज म्हणाले, "परकी नाही. आमच्या घरातली आहे." पंतांनी तो शब्द मागे घेतला. मटकीचे राजे मागून उठून पुढे आले आणि त्यांनी महाराजांचा हात धरिला. फजितीत सोबत मिळाल्याचा आनंद त्यांस लपविता आला नाही. पहिली खुर्ची त्या दिवसापासून दुसऱ्यास गेली. दात पुन्हा पोटात घातला, पंतांनी शिर बसविले, आणि महाराजांनी सेनापतीस दोन्ही हातांनी बंधूंचे हाती दिले. विनायकराव नको नको म्हणत होते, पण धरिला तो सोडवेना, हे राणीसाहेबांनी पाहिले आणि मऊ फडके आणून दिले. मग ते जेवून, गणपतीस येतो ऐसे आपण होऊन सांगून गेले.

दुसरे दिवशी प्रातःकाळी महाराज उठले, गडाशी गेले, आणि जुन्या नेमाने हात वर नेला तो फळीवर पायांएवढी दोन स्वच्छ ठिकाणे, भोवती बारीक धूळ. हात तसाच राहिला. मागोमाग चिंता आली, जुनीच, नवे वेषात: विन्याने त्यास उन्हात तर ठेविले नसेल, डांबराच्या गोळ्यांशेजारी तर नसेल, मान पक्की बसली असेल की नाही. फोन करावा तर काय म्हणावे ते सुचेना. इतक्यात फोनच वाजला. पलीकडे कोणी काही बोलले नाही. नुसता आवाज आला, टणक, लहान, खुळखुळ, खुळखुळ. मग विनायकरावांचा शब्द आला, "ऐकलंस? आहे अजून." महाराज म्हणाले, "आहे." आणि जरा थांबून म्हणाले, "पुन्हा वाजव."

येणेप्रमाणे घुबडमुखाचे शिर उतरले त्याचे वर्तमान. पुढे कपाटगडावर ती जागा मोकळीच ठेविली, कोणी राजे विचारीत तर सेनापती मोहिमेवर गेले आहेत ऐसे राणीसाहेब सांगत. गौरीगणपतीस ताट झाकून ठेवण्याचा प्रसंग पुन्हा आला नाही. ऐकिले तसे लिहिले. अधिकउणे असेल ते वाचणाराने, मान न मोडता, नीट बसवून घ्यावे.